अनुभव धागा : ‘द न्यूलीवेड गेम’ – नियम, गुण, प्रश्न आणि जुने भाग

नवविवाहित जोडीदार एकमेकांना किती ओळखतात हे पाहणारा अमेरिकन टीव्हीवरचा खेळ ‘द न्यूलीवेड गेम’ ज्यांनी बारकाईने पाहिला आहे किंवा त्याच नियमांनी खेळ घेतला आहे, त्यांच्यासाठी हा धागा. घरगुती किस्से नकोत. खेळ कसा चालतो आणि कुठे अडतो, तेवढं लिहा. सुरुवात मी करते; खालच्या प्रत्येक प्रतिसादाच्या वर तो लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

एबीसी वाहिनीवर ११ जुलै १९६६ रोजी हा कार्यक्रम दुपारच्या वेळेत सुरू झाला. कल्पना निक निकल्सन आणि रॉजर म्यूर यांची, निर्मिती चक बॅरिसची. सूत्रसंचालक बॉब यूबँक्स तेव्हा २८ वर्षांचा होता, लॉस एंजेलिसच्या रेडिओवरचा निवेदक. बॅरिसचा ‘द डेटिंग गेम’ त्याच वाहिनीवर डिसेंबर १९६५ पासून चालू होता. तिथे जोडी जुळायची, इथे जुळलेल्या जोडीची परीक्षा. एका भागात चार जोडपी असत आणि लग्नाला वर्ष झालेलं नसावं अशी अट होती. माझ्या मते सगळा खेळ या अटीवर उभा आहे. एकत्र राहायला लागल्यामुळे माणसाला वाटतं की आपल्याला जोडीदार कळला, पण बारीकसारीक सवयी अजून कळलेल्या नसतात. पुढच्या एका आवृत्तीत ही मर्यादा दोन वर्षांवर नेली होती.

गुणफलक

गुणांचं गणित नीट मांडतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात.

पहिल्या फेरीत बायका पडद्यामागे. नवऱ्यांना तीन प्रश्न विचारायचे, मग बायका बाहेर येऊन त्याच प्रश्नांची उत्तरं देणार. जुळलेल्या प्रत्येक उत्तराला ५ गुण. दुसऱ्या फेरीत नवरे आत आणि बायकांना चार प्रश्न : पहिले तीन प्रत्येकी १० गुणांचे, शेवटचा २५ गुणांचा. म्हणजे १५ + ३० + २५, जास्तीत जास्त ७०.

शेवटच्या प्रश्नाआधी कमाल ४५ गुण होतात. आघाडीच्या जोडीपेक्षा २५ किंवा त्याहून कमी गुणांनी मागे असलेली जोडी अजून खेळात असते. पहिली फेरी पूर्ण हुकलेली जोडीसुद्धा दुसऱ्या फेरीतली दोन उत्तरं आणि शेवटचा प्रश्न जुळवून ४५ वर पोचते. बाकी सगळं जुळून फक्त शेवटचा प्रश्न हुकलेल्या जोडीचेही ४५च. म्हणून बरोबरी सारखी होते.

बरोबरीची सोय अशी : आपले एकूण किती गुण होतील याचा अंदाज प्रत्येक जोडी आधीच लिहून ठेवते. बरोबरी झाली की ते कार्ड उघडायचं. प्रत्यक्ष गुणांच्या वर न जाता जो अंदाज सर्वांत जवळ, ती जोडी जिंकली. यात ७० लिहिणं मोठी चूक. एक उत्तर हुकलं तरी ते कार्ड बाद.

प्रश्नपेढी

प्रश्न लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते.

पहिली सर्वांत महत्त्वाची. ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं विचारायचं नाही, ‘तुमची बायको काय सांगेल?’ असं विचारायचं. प्रश्न मोघम राहिला की नवरा स्वतःचं मत देतो, बायको त्याच्या मताचा अंदाज बांधते, आणि दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन बसतात. मग भांडण जोडीदाराशी न होता सूत्रसंचालकाशी होतं, आणि खेळाची मजा तिथेच संपते.

दुसरी, उत्तराचा आवाका. ‘हो-नाही’चा प्रश्न निम्म्या वेळा नुसत्या नशिबानेही जुळू शकतो, तर ‘तुमच्या नवऱ्याचा सर्वांत मोठा दोष कोणता?’ हा प्रश्न जवळपास कधीच जुळत नाही. मधला मार्ग म्हणजे शक्य उत्तरं पाच-सहाच असतील असा प्रश्न : घरातली कुठली खोली, आठवड्यातला कुठला वार, सासरचं कुठलं माणूस. २५ गुणांचा प्रश्न थोडा मोकळा चालतो. ‘सोफा’ आणि ‘कोच’ एकच धरायचं की नाही, हे खेळाआधी ठरवून ठेवा.

भाषेबद्दलही एक. शरीरसंबंधाचा सरळ उल्लेख टाळायला यूबँक्स ‘मेकिंग व्हूपी’ म्हणायचा. शब्द साधा, पण जोडप्यांना नेमकं कळायचं आणि वाहिनीलाही आक्षेप घेता यायचा नाही. प्रश्न सभ्य आणि उत्तर अनपेक्षित, ही त्याची खरी कारागिरी.

पुठ्ठा-मार्कर

चार जोडप्यांना उत्तरं लिहून दाखवायची कार्डं किती लागतात? पहिली फेरी १२, दुसरी १६, अंदाजाची ४, एकूण ३२. कार्डाच्या मागे प्रश्नाचा क्रमांक घाला. नाहीतर मांडीवरच्या गठ्ठ्यातून चुकीचं कार्ड वर येतं आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर फुटतं. पुठ्ठा जाड घ्या, पातळ कागदावर मार्कर मागे उमटतो. आत गेलेल्यांना बाहेरचा आवाज अजिबात ऐकू येता कामा नये. नुसतं दार लावून भागत नाही, हशा ऐकूनही अंदाज बांधता येतो.

@गुणफलक, वेळेचा हिशेब राहिला. २८ उत्तरं घ्यायची आणि २८ जुळवायची, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिराती वगळून ५६ वेळा बोलणं. म्हणून यूबँक्स एका जोडीवर फार रेंगाळत नाही. वाद पेटला की दोन वाक्यं होऊ देतो आणि पुढे सरकतो. उत्तरं सगळ्यांसमोर तोंडी घेतली जात असल्याने नंतरचे जण आधीच्यांची री ओढतात. त्यामुळे खेळ घेताना दर प्रश्नाला सुरुवात वेगळ्या जोडीपासून करा.

जुनी टेप

बक्षिसाचं कुणी लिहिलं नाही. इथे रोख रकमेचा ढीग नसे. ‘खास तुमच्यासाठी निवडलेलं’ बक्षीस म्हणजे घरातली उपकरणं, फर्निचर किंवा सहल. जोडपी आपली मागणी आधीच कळवत आणि एकाच वस्तूची मागणी करणाऱ्यांना एकमेकांसमोर बसवत. विजेता कुणीही होवो, बक्षीस हवं तेच मिळायचं.

आवृत्त्यांचा क्रम : एबीसीवर डिसेंबर १९७४ पर्यंत, त्यातली काही वर्षं शनिवारी रात्रीही. मग १९७७ ते १९८० आणि १९८५ पासून स्थानिक केंद्रांना विकलेला कार्यक्रम. १९८८ च्या अखेरीस यूबँक्सच्या जागी पॉल रॉड्रिगेझ आला, १९९६ ला गॅरी क्रोगर. क्रोगरच्या वेळी खेळाचा साचा बदलला होता; वर्षभरात यूबँक्सलाही परत आणलं आणि जुना साचाही. २००९ ते २०१३ गेम शो नेटवर्कवर आधी कार्नी विल्सन, मग शेरी शेपर्ड. याच काळात, ऑक्टोबर २००९ मध्ये, अभिनेता जॉर्ज टाकेई आणि त्याचा नवरा ब्रॅड खेळायला आले. या खेळातलं ते पहिलं समलिंगी जोडपं.

जुने भाग शोधणाऱ्यांनी साठच्या दशकातल्या दुपारच्या भागांची फार आशा धरू नये. तेव्हा दोन इंची व्हिडिओ टेप महाग असल्याने वाहिन्या ती पुसून पुन्हा वापरायच्या. खेळाचा वेग समजून घ्यायचा असेल तर १९७७ नंतरचे भाग बघा. यूबँक्सचा जम तोवर पूर्ण बसला होता, आणि कार्ड उलटण्याआधी तो किती वेळ थांबतो ते त्यात नीट मोजता येतं.