मदत हवी आहे: जीमेलचा पासवर्ड बदलला आणि फोन, आयपॅड, लॅपटॉप तिघांच्या तीन तऱ्हा

शेवग्याची शेंग

मंडळी, बाबांच्या जीमेलचा पासवर्ड गेल्या आठवड्यात त्यांच्या फोनवरूनच बदलला. आता परिस्थिती अशी आहे:

अँड्रॉइड फोनवर जीमेल सुरळीत चालू आहे, पासवर्ड मागितलाच नाही. आयपॅडच्या मेल ॲपमध्ये जुनी पत्रं दिसतात, नवीन येत नाहीत. विंडोज 11 च्या लॅपटॉपवर आउटलुक 2013 आहे. ते सारखी एक राखाडी चौकट उघडतं. नवा पासवर्ड टाकला की चौकट जाते आणि लगेच परत येते. त्याच लॅपटॉपवर वनड्राइव्हही साइन-इन मागतंय. पत्ता हाच जीमेलचा, पण जुना पासवर्ड चालत नाही आणि नवाही चालत नाही. क्रोम मात्र अजून जुनाच पासवर्ड आपोआप भरतो.

बाबांच्या वहीत पाच पासवर्ड आहेत, पण कुठला कशाचा ते लिहिलेलं नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) लावल्याचं त्यांना आठवत नाही. रिकव्हरीचा मोबाइल नंबर बंद पडलेला जुना आहे. ते रत्नागिरीला, मी पुण्यात, म्हणजे सगळं फोनवरून सांगावं लागणार. आधी काय करू?

तारायंत्र

आधी अंदाजपंचे पासवर्ड टाकणं थांबवा. फार वेळा चुकलं की गूगल काही काळ दारच बंद करतं.

दुसरं, बाबांना सांगा की फोनवरून खातं काढायचं नाही आणि फोन रीसेट तर मुळीच करायचा नाही. सध्या तो फोनच तुमची किल्ली आहे. पासवर्ड नुकताच बदललेला असताना फोन फॅक्टरी रीसेट केला, तर तो सुरू करताना पंचाईत होऊ शकते. निदान 24 तास थांबा असं गूगलच सांगतं. तुमचे 24 तास उलटून गेलेत, पण रिकव्हरी नंबर बंद असताना तो धोका घ्यायचं कारण नाही.

आता गोंधळाचं मूळ. जीमेलच्या पेटीला पासवर्ड एकच असतो. बाकीचे पासवर्ड वेगळ्या खात्यांचे आहेत, फक्त तिथे नाव म्हणून हाच ईमेल दिलेला आहे. दोन बँकांना घरचा पत्ता एकच दिला म्हणून दोन्ही कार्डांचा पिन एक होत नाही, तसंच हे. वनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टचं, त्यामुळे तिथे मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लागतो. गूगलचा पासवर्ड तुम्ही दहादा बदललात तरी तिकडे त्याचा पत्ता नसतो. आयपॅडवर ॲपल खातं याच पत्त्यावर असेल तर त्याचा तिसरा. लॅपटॉप उघडायचा पिन आणि फोनचा पिन हे त्या त्या यंत्रापुरते, त्यांचा ईमेलशी काही संबंध नाही.

वहीत 'लॅपटॉपचा', 'आयपॅडचा' असं लिहू नका. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल असं खात्याच्या नावाने लिहा.

फोनने विचारलं नाही कारण फोन पासवर्ड जपून ठेवतच नाही. एकदा ओळख पटली की गूगल त्याला एक परवाना देतं आणि त्यावर काम चालतं. पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचे परवाने रद्द होतात, पण ज्या यंत्रावर ओळख पटवून बदल केला ते सहसा सुटतं.

आउटलुक 2013 ची गोष्ट निराळी. त्याला गूगलची साइन-इनची पद्धत येत नाही, ते थेट पासवर्डच पाठवतं. वैयक्तिक जीमेलसाठी गूगलने ही वाट 30 मे 2022 पासून बंद केली. अशा जुन्या प्रोग्रामला 'ॲप पासवर्ड', म्हणजे त्या एका प्रोग्रामपुरता गूगलने बनवून दिलेला वेगळा पासवर्ड लागतो आणि तो टू-स्टेप चालू असल्याशिवाय मिळत नाही. तरीही गेल्या आठवड्यापर्यंत आउटलुक चालू होतं, याचा अर्थ बाबांना आठवो न आठवो, टू-स्टेप चालू आहे आणि कुणीतरी ॲप पासवर्ड करून दिलेला आहे. वहीत बघा, सोळा इंग्रजी अक्षरं, चार-चारच्या गटांत, एकही आकडा नाही, असं काही आहे का? असेल तर तोच. मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात, म्हणून त्यावर काट मारा.

शेवग्याची शेंग

आहे! वहीत चौथा तोच निघाला. बाबा म्हणाले, कॉम्प्युटरवाल्या मुलाने लिहून दिला होता. मग आता नवा कसा करायचा? रिकव्हरी नंबर बंद आहे, ओटीपी कुठे येणार?

तारायंत्र

ओटीपीची गरज पडू नये. गूगल त्या चालू फोनवर 'तुम्हीच आहात का' अशी विचारणा पाठवतं, तिथे 'हो' दाबलं की झालं. क्रम मात्र मोडू नका.

फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग 'मॅनेज युअर गूगल अकाउंट', मग सिक्युरिटी. तिथे आधी नंबर बदला, आणि दोन ठिकाणी: एक रिकव्हरी फोन, दुसरा टू-स्टेपच्या पानावरचा. लोक एक बदलतात आणि दुसरा तसाच राहतो. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते, म्हणजे बाबांचे ओटीपी परक्या माणसाकडे जायला लागतात. रिकव्हरी ईमेल म्हणून तुमचा पत्ता टाका.

मग टू-स्टेपच्या पानावरच 'बॅकअप कोड' काढा. दहा कोड मिळतात, प्रत्येकी आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. कागदावर उतरवून पासबुकाच्या पाकिटात ठेवा. पुढे नवे दहा काढले की आधीचे बाद होतात, तेव्हा जुना कागद फाडायला सांगा.

त्यानंतर ॲप पासवर्ड. हे पान मेन्यूत सापडता सापडत नाही. खात्याच्या पानावर वरच्या शोधचौकटीत 'ॲप पासवर्ड' असं इंग्रजीत टाइप करा, लगेच येतं. नाव द्या 'लॅपटॉप आउटलुक'. सोळा अक्षरं एकदाच दिसतात, पान बंद केलं की पुन्हा दिसत नाहीत. हरवली तर हळहळू नका, तो काढून टाका आणि दुसरा करा. मधल्या मोकळ्या जागा टाइप करायची गरज नाही. फोनवरून सांगताना एक सोय: ही सगळी छोटी इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे 'एल' की एक, 'ओ' की शून्य हा वादच उरत नाही.

आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, खातं निवडून 'चेंज'. युजर नेमच्या जागी पत्ता पूर्ण हवा, ॲट जीमेल डॉट कॉमसकट. पासवर्डच्या जागी ही सोळा अक्षरं. खाली 'सिक्युअर पासवर्ड ऑथेंटिकेशन' अशी एक चौकट आहे, ती रिकामीच हवी. नावावरून वाटतं टिकमार्क केलेला बरा, पण जीमेलबरोबर ती चालत नाही. मग 'मोअर सेटिंग्ज'मध्ये ॲडव्हान्स्ड: येणाऱ्या मेलसाठी पोर्ट 993 आणि एन्क्रिप्शन एसएसएल, जाणाऱ्यासाठी पोर्ट 587 आणि टीएलएस.

पाटावरवंटा

आयपॅडचं मी सांगतो. सेटिंग्ज उघडून मेल अकाउंट्स शोधा. आयपॅडओएस 18 पासून ते सेटिंग्ज, ॲप्स, मेल असं एक पायरी आत गेलंय. जीमेलवर टिचकी मारल्यावर 'री-एंटर पासवर्ड' दिसलं तर ते दाबा, गूगलचं पान उघडेल. तिथे मुख्य, नवा पासवर्ड. ॲप पासवर्ड इथे टाकायचा नाही.

ते दिसलंच नाही तर खातं काढून परत घ्या, पण 'ॲड अकाउंट'मध्ये 'गूगल' हेच निवडा. 'अदर' निवडलंत की आयपॅडसुद्धा जुन्या आउटलुकसारखा वागणार. काढण्याआधी मेल ॲपमधलं आउटबॉक्स बघून घ्या. तिथे अडकलेलं पत्र सर्व्हरवर गेलेलं नसतं, ते खात्याबरोबर जातं. बाकीचं सगळं जीमेलमधून पुन्हा उतरतं. कॉन्टॅक्ट्स क्षणभर नाहीसे झालेले दिसू शकतात, हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्हाला फोन आलाच.

कळफलक

वनड्राइव्हसाठी: 'फरगॉट पासवर्ड' दाबा. कोड त्याच जीमेलवर येतो आणि जीमेल फोनवर चालू आहेच, त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम. त्या खात्यात सुरक्षेसाठी वेगळा नंबर किंवा ईमेल दिलेला असेल तर कोड तिकडे जाईल, पडद्यावर अर्धवट झाकलेला पत्ता नीट वाचायला सांगा. हा पासवर्ड बदलल्याने लॅपटॉप उघडायचा पिन बदलत नाही.

क्रोम: तीन ठिपके, मग पासवर्ड मॅनेजर, तिथे गूगल शोधा. एकाच पत्त्याच्या दोन-तीन नोंदी असतात, बरोबर ती सुधारा आणि उरलेल्या उडवा. नोंद उघडताना लॅपटॉपचा पिन मागेल. म्हणजे तो चार आकडी पिन ज्याला ठाऊक, त्याला आतले सगळे पासवर्ड उघडे, हे बाबांच्या कानावर घाला.

आणि टाइप करताना कीबोर्ड मराठीवर राहिलेला नाही ना बघा. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळत नाही. डोळ्याचं चिन्ह दाबलं की खरं काय टाइप होतंय ते दिसतं.

शेवग्याची शेंग

मनापासून आभार. फोन, आयपॅड, वनड्राइव्ह मार्गी लागले. आउटलुकमध्ये मेल येतात, पण जात नाहीत. 535 असं काहीतरी दाखवतंय.

तारायंत्र

आकडा सांगितलात ते उत्तम. 534 असता तर मुख्य पासवर्ड टाकला गेलाय असं समजायचं. 535 म्हणजे नाव किंवा पासवर्ड गूगलला पटलेला नाही. येणारा मेल चालू आहे म्हणजे सोळा अक्षरं बरोबर आहेत. जाणाऱ्या मेलसाठी आउटलुक पासवर्ड वेगळा ठेवू शकतं आणि तिथे जुनाच बसलेला दिसतो.

'मोअर सेटिंग्ज'मध्ये 'आउटगोइंग सर्व्हर' नावाचा टॅब आहे. तिथे 'लॉग ऑन युझिंग' निवडलेलं असेल आणि खाली जुना पासवर्ड ठिपक्यांत. ते बदलून 'यूझ सेम सेटिंग्ज ॲज माय इनकमिंग मेल सर्व्हर' करा, मग 'टेस्ट अकाउंट सेटिंग्ज'. दोन्ही ओळींपुढे हिरवी खूण आली पाहिजे.

डबा नंबर सहा

अवांतर, पण याच जातीचं: आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला प्रिंटर स्कॅन करून थेट मेल करायचा. सेक्रेटरींनी पासवर्ड बदलल्यापासून बंद आहे. हेच कारण असेल का?

तारायंत्र

हेच. प्रिंटरच्या सेटिंगमध्येही ॲप पासवर्डच असतो आणि तोही बाद झालाय. नवा करा, 'ऑफिस प्रिंटर' असं वेगळं नाव देऊन. आउटलुकचाच तिथे टाकू नका. उद्या प्रिंटर भंगारात गेला तर तेवढाच एक रद्द करता येतो, बाकीची कामं अडत नाहीत.

शेवग्याची शेंग

दोन्ही हिरव्या खुणा आल्या, बाबांनी मला आउटलुकमधून मेल पाठवला. आउटलुक 2013 बदलायला हवं का?

कळफलक

हो. त्याचे सुरक्षा अपडेट एप्रिल 2023 मध्येच बंद झालेत. थंडरबर्ड फुकट आहे आणि त्याला गूगलची साइन-इन पद्धत येते, त्यामुळे ॲप पासवर्ड लागत नाही. खातं जोडताना येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरना 'ओऑथ2' (तीच गूगलची साइन-इन पद्धत) आहे ना तेवढं बघा. आणि गूगलचं पान उघडून अडकलं तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद केलेल्या असतील, त्या चालू करा.