'होमर्स एनिमी' : फ्रँक ग्राइम्सवर अन्याय झालाय की नाही?

निशाचर :
'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा 'होमर्स एनिमी' हा एपिसोड (सीझन ८, मे १९९७) बऱ्याच जणांच्या टॉप टेनमध्ये असतो, माझं मात्र दर वेळी डोकं फिरतं. बघितला नसेल त्यांच्यासाठी : फ्रँक ग्राइम्स, चार वर्षांचा असताना आईबापांनी टाकला, शाळा नाही, अठराव्या वाढदिवसाला स्फोटात सापडला, त्यातून उठून पोस्टाने न्यूक्लिअर फिजिक्सची डिग्री घेतली आणि स्प्रिंगफील्डच्या अणुवीज प्रकल्पात लागला. तिथे सोबत कोण तर मालिकेचा नायक होमर, जो याच्या पेन्सिली चावतो, याचा पथ्याचा डबा खातो, ड्यूटीवर झोपतो आणि तरी त्याच्याकडे मोठं घर, दोन गाड्या, गुणी बायको, पोरंबाळं. ग्राइम्स राहतो एका खोलीत, खाली बोलिंग अ‍ॅली आणि वरती पण बोलिंग अ‍ॅली. शेवटी वेडापिसा होऊन हाय व्होल्टेजच्या वायरी उघड्या हाताने धरतो आणि जातो. अंत्यविधीत होमर झोपेत बायकोला बरळतो, 'मार्ज, चॅनेल बदल', आणि आख्खी मंडळी हसतात. मेलेल्याच्या पेटीसमोर हसवणारा एपिसोड ग्रेट कसा काय?

कोपऱ्यातला :
पूर्ण असहमत. आयडियाच ती होती ना, की खऱ्या आयुष्यातला साधा माणूस होमरच्या जगात आणून सोडला तर काय होईल. आठ सीझन आपण होमर अंतराळात गेला, त्याला ग्रॅमी मिळालं, माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्डशी दोस्ती झाली, सगळं हसत हसत गिळलं, एकानेही विचारलं नाही की हे कसं. ग्राइम्स त्याच्या घरात ते फोटो बघून विचारतो! तो प्रश्न आपल्याला होता, म्हणून तर तुझं डोकं फिरलं.

मृण्मयी :
आणि होमर दुष्ट नाहीये हो. मार्जने सुचवल्यावर ग्राइम्सला जेवायला बोलावतो, स्वतः सूट घालतो, लॉबस्टर खिलवतो, मनापासून दोस्ती करायची असते त्याला. उलट ग्राइम्सच अणुवीज प्रकल्पाचं मॉडेल बनवायच्या लहान मुलांच्या स्पर्धेत होमरला फसवून पाठवतो, चारचौघांत हसं व्हावं म्हणून. कष्ट केले म्हणजे दुसऱ्याचा अपमान करायचं लायसन्स मिळतं का?

निशाचर :
फसवलं हे मान्य. पण आधी काय झालं बघा ना. होमर अ‍ॅसिड प्यायला निघालेला, ग्राइम्सने बीकर हातातून उडवला, जीव वाचवला त्याचा, अ‍ॅसिडने भिंत वितळली आणि प्रकल्पाचा मालक बर्न्सने पगार कुणाचा कापला? ग्राइम्सचा! एवढं झाल्यावर कोण शांत राहील.

लालडबा :
आता कसं बोललास! मग राग बर्न्सवर काढ की, होमरवर का? टीव्हीवर ग्राइम्सची स्टोरी बघून बर्न्सला त्याला व्हाइस प्रेसिडेंट करायचं असतं, दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एक शूर कुत्रा दिसतो, ती पोस्ट कुत्र्याला. स्पर्धेत मार्टिन नावाच्या शाळकरी पोराचं मॉडेल खरोखर वीज तयार करतं, हॉलमधले दिवे त्यावर चालू, बर्न्स त्याला हाकलतो आणि होमरने आहे त्याच प्लँटला पंख आणि पट्टा लावून आणलेला, त्याला बक्षीस. म्हणजे गुणवत्तेला लाथ कोण मारतंय? होमर नुसता समोरच्या टेबलावर बसलाय. आमच्याकडेही प्रमोशन अडवतो साहेब आणि लोक महिनोन्महिने बोलत नाहीत शेजारच्याशी, हे मी रोज बघतो, म्हणून मला हा एपिसोड फार खरा वाटतो.

निशाचर :
बर्न्सचं पटलं. पण मग एपिसोडने ते दाखवायला हवं होतं, तो बर्न्सला अलगद सोडून देतो, शेवटचं हसू होमरसाठी.

कोपऱ्यातला :
दाखवलंय की सगळं, लालडब्याने काय वेगळा एपिसोड बघितला का? फक्त समजावून सांगितलं नाही, आणि ते बरंच केलं. शेवटी ग्राइम्सला न्याय दिला असता तर आज आपण भांडत बसलो नसतो.

मृण्मयी :
निर्मात्यांच्याही डोक्यातून तो गेला नाही, २००२ मध्ये त्याचा मुलगा आणला, बापाचा सूड घ्यायला.

निशाचर :
हो, आणि तो कुणाला मारायला निघतो? होमरला. बर्न्सच्या केबिनपर्यंत तोही गेला नाही.