मदत हवी आहे : ऐकू येणं कमी होत जाण्याची गोष्ट अल्बममध्ये ऐकवायची कशी?

गिटारवाली :

नमस्कार. आमचा चौघांचा बँड आहे. दोन गिटार, बेस, ड्रम्स. गाते आमची बेसवाली. आजवर आम्ही जे वाजवत आलो ते मोठ्या आवाजाचं, लांबलचक, विषम मात्रांच्या रिफवर (पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यांवर) चालणारं रॉक. आता कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळ्या गाण्यांतून एकच गोष्ट सांगणारा अल्बम, करायला घेतलाय आणि त्यासाठी आमचा सगळा आवाजच नव्याने बांधावा लागणार असं दिसतंय. जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट एका पियानो जुळवणाऱ्या माणसाची आहे. आयुष्यभर लोकांची वाद्यं सुरात लावत आलेला हा माणूस, आणि त्याचंच ऐकू येणं कमी होत जातं. पहिल्या गाण्यात त्याला सगळं लख्ख ऐकू येतं, शेवटच्या गाण्यापर्यंत फार थोडं उरतं. मधल्या काळात तो हे लपवतो, कामं घेत राहतो, बायको हल्ली पुटपुटते म्हणून तिच्यावर चिडतो.

पियानोच का, तर त्याच्या सगळ्यात वरच्या पट्टीचा सूर सुमारे ४१८६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, असतो. मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा पहिला खड्डा साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान पडतो. म्हणजे त्याच्या पियानोचं उजवं टोकच आधी पुसट होणार. हे कळलं तेव्हापासून ही गोष्ट मला सोडत नाहीये.

अडचणी तीन आहेत. पहिली : गाण्यागणिक वरच्या फ्रिक्वेन्सी कापत गेलो, तर ऐकणाऱ्याला वाटतं मिक्स (सगळ्या वाद्यांच्या आवाजांची जुळणी) फसलंय किंवा स्पीकर बिघडलाय. ओळखीतल्या ज्यांना कच्चं ऐकवलं त्यांनी नेमकं हेच विचारलं. दुसरी : आमच्या गिटारींची मजा डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाच्या, खरखरीत आहे, आणि ती सगळी वरच्याच भागात असते. ती काढली की आम्ही दोघांनी वाजवायचं काय? ड्रमरचंही तेच, सिम्बल्स (ड्रम्सच्या झांजा) सोडायला तो तयार नाही. तिसरी : शब्दांनी किती सांगायचं? आत्ताच्या गीतांमध्ये सगळी गोष्ट उघडी पडते आणि संगीताला काम उरत नाही.

नुसतं वेगळं वाजवायचं म्हणून वेगळं वाजवायचं नाहीये. प्रत्येक बदल त्या माणसाच्या कानातून यावा, एवढाच आग्रह आहे. कृपया मार्गदर्शन करा.

जुनीतबकडी :

विषय फार आवडला. सिम्बल्सबद्दल आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर १९८० सालीच देऊन ठेवलेलं आहे. इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएलने आपल्या तिसऱ्या अल्बमवर ड्रमरना सिम्बल्स वाजवायला मनाईच केली होती. त्यात फिल कॉलिन्स होते, जेरी मारोटा होते. हात सवयीने सिम्बलकडे जातो आणि तिथे काही नसतं, म्हणून मग टॉमवर (ड्रम्समधल्या पोकळ ढोलांवर) नव्या गोष्टी सुचायला लागतात. ड्रम्सचा तो अचानक छाटल्यासारखा बंद होणारा प्रचंड आवाज त्याच ध्वनिमुद्रणात घडला, ह्यू पॅडगॅम हे इंजिनिअर होते. पुढे ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या रॉकने तो उचलला. एक गोष्ट काढून घेतल्यावर जागा रिकामी राहिली नाही, तिथे दुसरं काहीतरी उगवलं. तुमच्या ड्रमरला तो अल्बम एकदा नीट ऐकायला द्या.

गिटारवाल्यांनी करायचं काय, हा प्रश्न रेडिओहेडसमोरही होता. १९९७च्या ‘ओके कॉम्प्युटर’नंतर ते ‘किड ए’ करायला बसले तेव्हा तीन गिटारवाल्यांच्या बँडमध्ये गिटारला फारसं कामच उरेना. गाडी अडली तेव्हा निर्माते नायजेल गॉडरिच यांनी बँडचे दोन गट केले. एका गटाने गिटार, ड्रम्स यांना हात न लावता काहीतरी ध्वनी तयार करायचा आणि दुसऱ्याने तो पुढे न्यायचा. २००० साली अल्बम आला तेव्हा जॉनी ग्रीनवुड गिटारइतकेच ऑन्द मार्तनो या जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर दिसले. आपण गिटारवाले आहोत यापेक्षा आपण ऐकणारे आहोत हे आधी, असं काहीसं त्यातून मी घेतलं. तुमच्या गोष्टीला तर ते चपखल बसतं.

ऐकू न येणाऱ्या नायकाचा विषय निघाला की कुणीतरी ‘द हू’ या बँडच्या १९६९च्या ‘टॉमी’ या अल्बमचं नाव घेणारच, म्हणून मीच घेतो. तिथला मुलगा धक्क्याने एकदम बहिरा, मुका, आंधळा होतो. तुमच्याकडे ते थोडं थोडं घडतंय, आणि ज्याचं पोट कानावर आहे अशा माणसाच्या बाबतीत घडतंय. दोन्ही गोष्टींची जात वेगळी आहे. तेव्हा तुलना झाली तरी मनावर घेऊ नका.

मिक्सवाला :

वरच्या फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या फिल्टरचा तिढा सोडवता येईल. कान फार पटकन जुळवून घेतो. हळूहळू वरचा भाग कापला तर दोन मिनिटांत ऐकणाऱ्याला तेच नेहमीचं वाटायला लागतं, काही गेलंय हे कळतच नाही. एकदम कापला तर दुसरीच अडचण. जुन्या लँडलाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, त्यामुळे तसा आवाज आला की प्रत्येकाच्या डोक्यात टेलिफोन येतो. ऐकू येत नाही असं कुणालाही वाटत नाही.

म्हणून आधी एक ठरवा : हे कान कुणाचे आहेत? कुठल्या क्षणी आपण त्याच्या डोक्यात आहोत आणि कुठल्या क्षणी त्याच्या शेजारी, खोलीत उभे आहोत? एकच चाल एकदा बाहेरून, बायकोच्या कानांनी ऐकवा : पूर्ण, चमकदार, तिचं बोलणं स्वच्छ. आणि मग कडव्याच्या मध्यावर आत जा. तो फरक कानाला बसला की स्पीकरला कुणी दोष देणार नाही. दोन-तीनदा असं आतबाहेर केलंत की शेवटी आतच राहता येईल.

दुसरं, कात्री मिक्समध्ये लावूच नका, वाद्यवृंदाच्या बांधणीत लावा. आधी हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) जाऊ दे, मग अकूस्टिक गिटारच्या तारेवरचा नखाचा आवाज, मग पियानोचं वरचं सप्तक. जे उरेल त्याला पूर्ण प्रकाशात ठेवा, झाकू नका. बेस, पोकळ टॉम, खालच्या सप्तकातलं गाणं. मिक्स स्वच्छ राहील आणि तरी काहीतरी गेलंय हे जाणवेल.

आता गिटारींचं. पियानो जुळवणारा ऐकतो काय? एका सुराच्या दोन तारा थोड्याशा बेसूर असल्या की आवाज हेलकावतो. ४४० आणि ४४२ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला बरोबर दोन हेलकावे येतात. सेकंदाला दोन म्हणजे १२० बीपीएमची, मिनिटाला १२० ठोक्यांची लय! ४४० आणि ४४१ ठेवलंत तर ६०. तुम्ही दोघं गिटारवाले एकच सूर धरा, एकाने खुंटी किंचित फिरवावी, आणि ड्रमरने त्या हेलकाव्यावर ठेका धरावा. गाण्याची लय त्या माणसाच्या कामातून आली, मेट्रोनोम नको. सूर जुळत येतो तसे हेलकावे मंदावतात, पूर्ण जुळला की लय थांबते. उलट तारा दूर गेल्या की हेलकावे इतके जलद होतात की मोजता येत नाहीत, नुसती खरखर उरते. तुम्हाला हवी ती खरखर डिस्टॉर्शनशिवाय मिळाली.

श्रवणतज्ज्ञ :

मी रोज श्रवणचाचण्या करते, त्यामुळे संगीताबद्दल न बोलता कानाबद्दल लिहिते. ऐकू कमी येणं म्हणजे आवाजाचं बटण खाली करणं नाही. आतल्या कानातल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी उंच सूर टिपतात, आणि त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले अ, आ, ओ असे स्वर बहुतेक खालच्या भागात असतात म्हणून ते शाबूत राहतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा जीव वर असतो, ती गळतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतंय, पण कळत नाही.’ बायको पुटपुटते ही तुमची कल्पना अगदी बरोबर आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं : सुरुवातीच्या गाण्यातली एखादी ओळ शेवटी पुन्हा येऊ द्या, पण व्यंजनांशिवाय गा. ज्याने अल्बम सुरुवातीपासून ऐकलाय त्याला ती ओळ आठवेल, नव्याला कळणार नाही. काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतील. अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, पण आवाज थोडा वाढला की तो एकदम असह्य होतो. मधली सोसवेल अशी पट्टी अरुंद होत जाते. तुमच्या बँडच्या मोठ्या आवाजाला गोष्टीत खरी जागा इथे आहे. दुसरी, कधीकधी एकच सूर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येतो. सूर जुळवणाऱ्या माणसासाठी याहून भयंकर काय असेल? डाव्या आणि उजव्या बाजूला किंचित वेगळे सूर ठेवलेत की हे हेडफोनवर ऐकवता येईल.

एक कळकळीची विनंती. कानातली शीळ दाखवायला अल्बमभर बारीक उंच सूर चालू ठेवू नका. ज्यांना तो त्रास मुळात आहे त्यांना तो छळेल, आणि हेडफोनवर मोठ्याने ऐकणाऱ्याच्या कानालाही ते बरं नाही. तो सूर थोडा वेळ ठेवा आणि मग एकदम काढून घ्या. थांबल्यावर तो जास्त जाणवतो.

डावाकान :

मला लहानपणापासून डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं. वरचं सगळं वाचलं. एवढंच सांगायचंय की लोकांना वाटतं तिकडे शांतता असते. तशी ती नसते. चार माणसं एकत्र बोलायला लागली की मला भांड्यांचा, खुर्चीचा, पंख्याचा आवाज सगळ्यात आधी येतो आणि माणसाचा सगळ्यात शेवटी. सगळे हसले की मीही हसतो, आणि मग घरी जाताना कशावर हसलो ते विचारतो. दिवसभर ऐकून ऐकून डोकं दमतं. हे दमणं तुमच्या गाण्यांत कुठेतरी यावं. शेवट अगदी निःशब्द केलात तर तो ऐकू येणाऱ्यांच्या कल्पनेतला बहिरेपणा होईल.

जुनीतबकडी :

डावाकान यांच्या प्रतिसादावरून सुचलं. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये मधूनमधून जी बोलणी येतात, ती बँडमधल्या रॉजर वॉटर्स यांनी कार्डांवर प्रश्न लिहून अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या माणसांना विचारून ध्वनिमुद्रित केली होती. त्यात तिथला दारवानही होता. लिहिलेल्या गीताने जमलं नसतं असं वजन त्या साध्या वाक्यांनी येतं. तुम्हीही ऐकू कमी येणाऱ्या माणसांना, वाद्यं जुळवणाऱ्यांना विचारा, त्यांची परवानगी घ्या, आणि त्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात वापरा. शिवाय तो संच त्यांनी बाजारात आणण्याआधी वर्षभर, १९७२पासून, मंचावर वाजवला होता. ध्वनिमुद्रणाआधी लोकांसमोर वाजवून बघायला मिळालं तर सोडू नका.

गिटारवाली :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सरावाला ४४० आणि ४४२ करून पाहिलं. ड्रमरने डोळे मिटून त्या हेलकाव्यावर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) धरली आणि कुणी काही न बोलता आम्ही बराच वेळ तेच वाजवत राहिलो. सिम्बल्स त्याने स्वतःच बाजूला ठेवल्या, निदान दुसऱ्या गाण्यापासून पुढे. पहिल्या गाण्यात भरपूर असतील, म्हणजे गेलेल्या कळतील.

डावाकान, तुमचं वाचून शेवट बदलतोय. शेवटच्या गाण्यात खोली भरलेली असेल, खुर्च्या, पंखा, दोघातिघांची बोलणी, आणि या सगळ्याच्या मागे पियानो. तुमची हरकत नसेल तर हसण्याची ती गोष्ट बेसवालीला गीतात घ्यायची आहे. तुम्ही नको म्हणालात तर अजिबात घेणार नाही.

एक शेवटचा प्रश्न. अल्बम तबकडीवरही काढायचा विचार आहे. गाण्यांचा क्रम ठरवताना काही पाहावं लागेल का?

मिक्सवाला :

पाहावं लागेल, आणि तबकडी तुमच्याच बाजूची आहे. ३३⅓ फेऱ्यांची बारा इंची तबकडी ठरलेल्या वेगाने फिरते, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाशी जेमतेम २० ते २२. तेवढ्याच वेळेचं ध्वनिमुद्रण कमी जागेत बसवावं लागतं, म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटी वरच्या फ्रिक्वेन्सी आपोआप मळकट होतात. त्यामुळे चमकदार गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि मंद गाणी शेवटाला ठेवण्याची जुनी रीत आहे. तुमची गोष्ट त्याच दिशेने जातेय. बाजू २० ते २२ मिनिटांच्या आत ठेवा. फक्त दुसरी बाजू उलटली की सुई पुन्हा बाहेरच्या खाचेत, लख्ख आवाजात जाते, त्याचा विचार आधी करा. तिथे बायकोच्या कानांनी सुरू होणारं गाणं ठेवता येईल.

डावाकान :

हरकत नाही, घ्या. फक्त ते गाणं तयार झालं की शब्द मला आधी लेखी पाठवा, म्हणजे वाचत वाचत ऐकता येईल. आणि अल्बमसोबत गीतं छापाच.