डॉट एस (असेंब्ली) फाइलमधून इनलाइन सी फंक्शन कॉल केलं की अनडिफाइन्ड, असं का?

घणसोलीकर:
मंडळी जरा मदत करा. एक्स८६-६४ वर लिनक्स कर्नलचं मॉड्यूल आहे, त्यातल्या असेंब्ली फाइलमधून स्पिन_लॉक (लॉक घेणारं कर्नलचं फंक्शन) कॉल करायचंय. असेंबल होतं पण शेवटी मॉडपोस्ट (मॉड्यूल बिल्डची शेवटची तपासणी) म्हणतो अनडिफाइन्ड, आणि हेडर इन्क्लूड केला तर असेंब्लर एररचा पाऊस पाडतो. फंक्शन तर हेडरमध्ये डोळ्यांसमोर दिसतंय ना! महापेला ऑफिसात सगळे जावावाले, विचारू कोणाला.

वागळे_नाका:
अरे सापडणार कसं, ते स्टॅटिक इनलाइन आहे. कंपायलर त्याची बॉडी जिथे कॉल असेल तिथेच चिकटवतो, वेगळं सिम्बॉल (लिंक करताना शोधलं जाणारं नाव) बनतच नाही, आणि एखादं साधं स्टॅटिक इनलाइन वेगळं निघालंच तरी सिम्बॉल त्या ऑब्जेक्ट फाइलपुरतंच, एनएम (सिम्बॉलची यादी दाखवणारी कमांड) मारलंस तर स्मॉल टी दिसेल म्हणजे लोकल, कॅपिटल नाही. हेडरचं म्हणशील तर प्रीप्रोसेसर फक्त मॅक्रो उलगडतो, स्ट्रक्ट टाइपडेफ सगळं तसंच असेंब्लरच्या गळ्यात. सी फाइलमध्ये रॅपर म्हणून एक साधं फंक्शन लिही, स्टॅटिक नको, आत स्पिन_लॉक कॉल कर आणि असेंब्लीतून त्याला बोलव.

ऐरोली_लोकल:
रॅपर कशाला? स्पिन_लॉकच्या आतलं अंडरस्कोर रॉ_स्पिन_लॉक एक्स्पोर्टेड आहे, म्हणजे मॉड्यूलना वापरता येतं, थेट कॉल कर की.

वागळे_नाका:
नको रे. कर्नल कॉन्फिगमध्ये एसएमपी (अनेक प्रोसेसरचा सपोर्ट) आणि लॉक डिबगिंग दोन्ही बंद असेल तर तेच नाव नुसतं मॅक्रो होतं, आणि अनलॉक कॉन्फिगप्रमाणे कधी इनलाइन कधी फंक्शन. रॅपरमध्ये ती कटकट कंपायलर बघतो. पहिलं आर्ग्युमेंट आरडीआय रजिस्टरमध्ये टाक, आणि कॉलनंतर आरएएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स, आरएसआय, आरडीआय, आर८ ते आर११ यातलं काहीही टिकेल असं धरू नकोस, हवं ते आधी स्टॅकवर पुश कर. ३२ बिटवर नेणार असशील तर रॅपरच्या डिक्लरेशनला एएसएमलिंकेज हा कर्नलचा मॅक्रो लागेल, कारण तिथे कर्नल पहिली ३ आर्ग्युमेंट ईएएक्स, ईडीएक्स, ईसीएक्समधून पाठवतो आणि एएसएमलिंकेजने ती स्टॅकवर येतात. ६४ बिटवर त्याने तसा काहीच फरक पडत नाही, लोक उगाच लावतात.

बेलापूर_किल्ला:
पण मुळात लॉक असेंब्लीतून का घेतोयस? सीमध्ये लॉक घे, मधलं काम असेंब्लीला दे, परत येऊन अनलॉक कर.

घणसोलीकर:
जुना कोड आहे हो, लॉक मधल्या एका लूपच्या आत घेतलाय, बाहेर काढला तर सगळं लॉजिक हलेल. रॅपरच टाकतो.