कार्ब्युरेटरच्या इंजिनावर प्रोग्रॅमेबल ईसीयू : कामाचा क्रम कसा ठरवावा?

प्रश्न

माझ्या जुन्या गाडीचे इंजिन १६०० सीसीचे, चार सिलिंडरचे आणि साधारण ९० अश्वशक्तीचे आहे. त्यावर कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर असून दोन्ही नीट चालतात. त्यांच्या जागी इंजेक्टर, दुहेरी कॉइल आणि मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा स्वतः प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, म्हणजे ठिणगी व इंधन सांभाळणारा संगणक, बसवण्याचा विचार आहे. सोल्डरिंगची आणि वायरिंगची मला सवय आहे. ट्यूनिंगचा अनुभव मात्र कार्ब्युरेटरचे जेट बदलण्यापुरताच आहे. गाडी फार काळ बंद ठेवता येणार नाही. सर्व बदल एकदम करावेत की टप्प्याटप्प्याने, आणि टप्पे करायचे तर आधी इग्निशन की आधी इंधन? पुढेमागे टर्बो बसवलाच तर कामी येतील म्हणून ४४० सीसी प्रतिमिनिट क्षमतेचे इंजेक्टर आताच घ्यावेत का, हेही सांगावे.

उत्तर १

टप्प्याटप्प्यानेच करावे आणि इग्निशन आधी घ्यावे. सगळे एकदम बदलले आणि इंजिन सुरू झाले नाही, तर दोष ठिणगीत आहे, पेट्रोलमध्ये आहे की क्रँकच्या सिग्नलमध्ये, हे शोधण्यातच दिवस जातात. कार्ब्युरेटर जागेवर ठेवून फक्त इग्निशन ईसीयूकडे दिले, तर गाडी वापरात राहते आणि ज्या सिग्नलवर पुढचे सगळे काम उभे राहणार आहे, त्याची परीक्षाही होऊन जाते.

त्यासाठी क्रँक पुलीवर ३६ दातांच्या मापाचे, एक दात काढलेले चाक बसवावे. दर दात १० अंशांचा होतो, आणि गाळलेल्या दातावरून ईसीयूला क्रँकची स्थिती कळते. पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना ही मोकळी जागा सेन्सरसमोर येऊ देऊ नये, कारण स्टार्टरवर फिरताना कॉम्प्रेशनपाशी क्रँकचा वेग सर्वांत जास्त चढउतार करतो. ६००० आरपीएमला एक अंश म्हणजे जेमतेम २८ मायक्रोसेकंद असतात. म्हणून सेन्सरची पट्टी जाड पत्र्याची आणि थेट ब्लॉकला बोल्टने आवळलेली हवी. चुंबकीय, म्हणजे व्हीआर सेन्सर वापरल्यास त्याच्या दोन वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका. तशी झाल्यास इंजिन सुरू होईलही, पण आरपीएम वाढेल तसे टायमिंग सरकत जाईल आणि तुम्ही उगाच ईसीयूतल्या टेबलात, म्हणजे टायमिंगच्या आकड्यांच्या तक्त्यात, चूक शोधत बसाल.

दुहेरी कॉइलमध्ये १-४ आणि २-३ या जोड्यांना एकाच वेळी ठिणगी मिळते, त्यामुळे कॅमशाफ्टवर सेन्सर लागत नाही. डिस्ट्रिब्यूटर काढण्यापूर्वी त्याच्या दांड्यावर ऑइल पंप चालतो का, हे मात्र नक्की पाहा. काही इंजिनांत तो चालतो. तिथे दांडा ठेवून वरचा भागच काढावा लागतो.

उत्तर २

क्रमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. कार्ब्युरेटर झिजलेला असता तर मी आधी इंधनच घेतले असते. डिस्ट्रिब्यूटरच्या कॉइलवरून आरपीएम घेऊनही इंजेक्टर चालवता येतात. पण तो सिग्नल गोंगाटी असतो आणि तुमचा कार्ब्युरेटर चांगला आहे, तेव्हा वरचा सल्ला तुम्हाला लागू पडतो.

इंजेक्टरचा हिशेब मात्र कागदावर करावा. पूर्ण जोरावर एका अश्वशक्तीला तासाला सुमारे २२५ ग्रॅम पेट्रोल धरले, तर ९० अश्वशक्तीला साधारण २० किलो, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला ५ किलो लागते. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये असे धरल्यास मिनिटाला सुमारे १५० सीसी क्षमता निघते. २०० सीसीचे घेतले तरी पुरेशी मोकळीक राहील. ४४० सीसीच्या इंजेक्टरला आयडलवर इतका थोडा वेळ उघडावे लागते की त्यातला मोठा भाग झडप उघडण्यातच जातो, आणि मिश्रण स्थिर राहत नाही. जो टर्बो अजून घेतलेलाच नाही, त्याच्यासाठी रोजचे आयडल का बिघडवायचे? इंजेक्टर १२ ते १६ ओहमचे घ्या. २-३ ओहमच्या इंजेक्टरना वेगळा ड्रायव्हर किंवा रेझिस्टर लागतात.

पेट्रोलच्या बाजूला काटकसर करू नये. कार्ब्युरेटरला अर्ध्या बारहूनही कमी दाब पुरतो, तर इंजेक्शनला साधारण ३ बार लागतो. म्हणून जुने पाइप आणि क्लिपा बदलणे, टाकीपर्यंत रिटर्न लाइन नेणे, आणि टाकीत आडपडदे नसल्यास वळणावर पंप हवा ओढणार नाही अशी छोटी पूरक टाकी बसवणे, ही कामे टाळता येत नाहीत. पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात असावा. इंजिन बंद पडताच पंप थांबला पाहिजे. अपघातात वीज तोडणारा इनर्शिया स्विचही त्याच वायरीत टाकावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. २०० सीसीचे इंजेक्टर घेण्याचे ठरवतो. अर्थिंग कसे करावे, आणि ट्यूनिंगची सुरुवात कुठून करावी?

उत्तर ३

सर्व सेन्सरांचे अर्थ ईसीयूपर्यंत परत आणा आणि ईसीयूचे अर्थ ब्लॉकवर एकाच ठिकाणी जोडा. तापमानाच्या सेन्सरचे अर्थ बॉडीला दिले, तर दिवे लावताच इंजिन थंड किंवा गरम झाल्यासारखे ईसीयूला वाटू शकते. व्हीआर सेन्सरच्या वायरी पिळलेल्या आणि आवरणाच्या घ्या. आवरण एकाच टोकाला जोडा आणि त्या वायरी कॉइलपासून दूर न्या. ईसीयू बॉनेटखाली न ठेवता केबिनमध्ये ठेवणे बरे.

ट्यूनिंगची सुरुवात लॅपटॉपवर नव्हे, टायमिंग लाइटने करा. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करून पुलीवरची खूण तिथेच दिसते का, हे आयडलला आणि ३००० आरपीएमला पाहा. हे जुळत नाही तोवर टेबलातला एकही आकडा बदलू नका. इंधनासाठी वाइडबँड लॅम्बडा सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचे नेमके प्रमाण मोजणारा सेन्सर, हवाच. साधा सेन्सर १४.७ च्या (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, वजनाने) आसपास मिश्रण दाट की विरळ एवढेच सांगतो, आणि पूर्ण थ्रॉटलला तुम्हाला १२.५ ते १३ मोजायचे असते. त्याच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर तो विरळ दाखवतो, म्हणून गॅस्केट आधी तपासा.

थंड इंजिन सुरू करण्याची सेटिंग सर्वांत शेवटी बसते. इंजिन पूर्ण थंड व्हायला बहुधा रात्र जाते, त्यामुळे दिवसातून एकच खरी चाचणी मिळते; एका वेळी एकच आकडा बदलावा आणि लॉग जपून ठेवावा.