पेरणीचे शकुन नातवंडांना सांगावेत की नाही?

वऱ्हाडी कास्तकार (दर्यापूर तालुका)

रोहिणी नक्षत्र लागले की आमच्या ओसरीवर संध्याकाळी एकच विषय असतो: यंदा पाऊसपाणी कसे राहील. टिटवीने अंडी धुऱ्यावर (बांधावर) घातली की सखल जागी, कावळ्याने घरटे झाडाच्या मध्यावर बांधले की शेंड्यावर, बहावा केव्हा फुलला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावी पीकपाण्याचे भाकीत सांगणाऱ्या घटमांडणीत काय निघाले. कृषी पदविकेचे शिक्षण घेणारा माझा मुलगा म्हणतो, की ही अंधश्रद्धा आहे आणि ती लहान मुलांसमोर बोलू नये. मला हे मान्य नाही. आमचे आबाजी मे महिन्याच्या उन्हात वावराला फेरी मारत, पाखरे पाहत, मुंग्या पाहत, मातीचे ढेकूळ हातात घेऊन फोडत, आणि या पाहण्यातूनच त्यांचे शकुन तयार झाले होते. ते शकुन टाकून दिले तर त्यांच्यामागचे पाहणेही जाईल, अशी मला भीती वाटते. आपली मते मोकळेपणाने मांडावीत.

निवृत्त कृषी सहायक (अकोला)

भाऊ, आबाजींच्या पाहण्याबद्दल आदर राखून मी आपल्या विरोधात लिहीत आहे. टिटवीची चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असे आपल्याकडे सांगतात. पण टिटवी बहुधा चारच अंडी घालते, त्यामुळे हा शकुन दुष्काळाच्या वर्षीही चार महिन्यांचाच पाऊस सांगणार. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एखादा प्राणी वाहन म्हणून दिलेला असतो आणि त्यावरून पाऊस किती ते सांगतात; त्या वाहनाचेही तसेच आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि उरलेल्या आकड्यावरून बेडूक, म्हैस किंवा गाढव ठरवायचे, हा केवळ हिशेब आहे; तो खारपाणपट्ट्याला आणि गडचिरोलीच्या जंगलाला एकच वाहन देतो, जरी दोन्हीकडच्या पावसात मोठे अंतर असले तरी.

माझा खरा आक्षेप मात्र पैशाशी निगडित आहे. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो आणि मोसमी पाऊस विदर्भात साधारणपणे जूनच्या मध्याला पोहोचतो. वाहन चांगले आहे म्हणून पहिल्याच वळवाच्या सरीवर सोयाबीन टाकणारे आणि पंधरा दिवसांनी उसनवारी करून दुबार पेरणी करणारे कितीतरी कास्तकार मी नोकरीच्या काळात पाहिले आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नये, हे सांगता सांगता माझी नोकरी संपली.

जळगाव जामोदचा एक वाचक

काकाजी, आपला मुद्दा पेरणीपुरता बरोबर आहे, परंतु भेंडवळला जाणाऱ्या माणसाला आपण भोळा समजत असाल तर ते योग्य नाही. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट आखतात, त्यात अठरा धान्ये मांडतात, मधोमध चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर बसवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणत्या ढेकळात किती ओल झिरपली व कोणते धान्य जागचे हलले ते वाचून दाखवतात. माझे वडील दरवर्षी जात. कपाशीचे भाकीत ऐकून ते घरी येत, आणि तरीही वीतभर ओल हाताने पाहिल्याशिवाय त्यांनी कधी पेरणी केली नाही. त्या पहाटे दूरदूरचे कास्तकार एका वावरात उभे राहून येणाऱ्या हंगामाबद्दल बोलतात, बियाण्याची विचारपूस करतात. त्यांना धीर येतो. हा धीर बाजारात विकत मिळत नाही.

निवृत्त कृषी सहायक (अकोला)

धीराला माझा विरोध नाही. पण घागर किती झिरपते हे तिच्या मातीवर आणि भाजणीवर अवलंबून असते, एवढे मुलांना सांगायला हवे. त्यांच्यासमोरच शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण मोजावी. सत्तरहून कमी सोयाबीन उगवले तर ते बियाणे म्हणून वापरायचे नाही, हे दहा वर्षांच्या मुलालाही समजते.

वर्ध्याकडील शिक्षक

म्हणींच्या बाबतीतही काळ आणि पीक पाहावे लागते. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हण रब्बीच्या दृष्टीने खरी आहे, कारण ऑक्टोबरच्या अखेरीस पडलेला पाऊस ज्वारीला, हरभऱ्याला ओल देतो. आज त्याच दिवसांत पऱ्हाटीवर बोंडे फुटलेली असतात. स्वाती बरसली की कापूस झाडावरच भिजतो. म्हण मुलांना जरूर शिकवावी, पण ती कोणत्या पिकाच्या तोंडची आहे हेही सांगावे.

यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी महिला

आपण सर्व पाखरांच्या शकुनांबद्दल लिहीत आहात. माणसाचा शकुन मानला जातो, त्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी माझे पती गेले. पाच एकर वावर मीच पाहते. बियाणे मी आणते, पीककर्जाच्या कागदावर सही माझी असते, डवरणीच्या वेळी मजूर मीच लावते. पहिल्या वर्षी पेरणीच्या सकाळी मी पाण्याची कळशी घेऊन धुऱ्यावरून येत होते, तेव्हा दीरांनी मला पाहून बैलजोडी थांबवली आणि अर्ध्या तासाने, मी बाजूला गेल्यावर, तिफण पुन्हा धरली. कोणी वाईट शब्द बोलले नाही. पूजेचे कुंकू तिफणीला लागले, पहिली मूठ शेजारच्या सवाष्णीने टाकली आणि मी गोठ्यापाशी उभी राहिले. बियाणे मात्र मी कानातले गहाण ठेवून आणले होते.

दादा, आपण शकुन जपा म्हणता, तेव्हा हा शकुनही त्याच गाठोड्यातून नातवंडांकडे जातो. टिटवीला आपण शुभ म्हटले काय आणि अशुभ म्हटले काय, तिचे काही जात नाही, माझे जाते. ज्या जिल्ह्यांत गाडगेबाबांनी खराट्याबरोबर लोकांची मनेही झाडली, तिथे हे अजून चालते याचे मला फार दुःख आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो इतर गावांपुढेही ठेवला. आमच्या गावाने तसा ठराव अजून घेतलेला नाही.

वऱ्हाडी कास्तकार (दर्यापूर तालुका)

ताई, आपले लिहिलेले मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. थोरला भाऊ गेल्यापासून आमच्या वहिनीही पेरणीच्या सकाळी माजघराच्या बाहेर येत नाहीत, आणि त्यांना कोणी 'येऊ नका' असे म्हटलेले नाही म्हणून मी आजवर स्वतःला निर्दोष समजत होतो. टिटवी, कावळा आणि बहाव्याबद्दलचे माझे मत मी बदललेले नाही. नातवाला घेऊन मी धुऱ्यावर जाणारच आहे. परंतु यंदा पहिली मूठ वहिनींच्या हातून पडावी, असे मी आज त्यांना विचारले. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. "लोक काय म्हणतील" एवढेच म्हणाल्या.

यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी महिला

दादा, त्यांना एकटीला तिफणीसमोर उभे करू नका. आपल्या सौभाग्यवतींनाही सोबत उभे राहू द्या, दोघींच्या ओंजळीत बियाणे द्या. पहिल्या वर्षी माझ्या सोबत कोणी उभे राहिले असते, तर मी गोठ्यापाशी गेले नसते.