मदत हवी आहे: हिशेबपट्टीतले दर आणि नियम कोडमधून किती बाहेर काढायचे?

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. पट्टीचा (माल विकल्यावर शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा) प्रोग्राम मीच लिहिलाय, पायथन आणि एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये. गेल्या आठवड्यात एक शेतकरी मागच्या सीझनची पट्टी हरवली म्हणून दुसरी प्रत मागायला आले. छापून दिली. मामांनी वहीशी ताडली, तर 42 पोत्यांवर 84 रुपये कमी! दिवाळीनंतर हमाली पोत्यामागे दोन रुपयांनी वाढली, तेव्हा मी कोडमधला आकडा बदलला होता. प्रोग्राम दर वेळी हिशेब नव्याने करतो, म्हणून जुना सौदाही नव्या दराने निघाला. मामा काही बोलले नाहीत, नुसती वही पुढं सरकवली.

सगळं एकाच फंक्शनमध्ये आहे: डेटाबेसची क्वेरी, बारदान वजावट, अडत, तोलाई (वजन करण्याची मजुरी), छपाईसुद्धा. 400 ओळी. (कोड इथं टाकायची लाज वाटते.)

आता सौद्याचा साधा डेटाक्लास (नुसती माहिती धरणारा क्लास) केलाय, दर ‘लागू तारखे’सह टेबलात नेलेत, आणि हिशेबाचं फंक्शन डेटाबेसला हात न लावता सौदा आणि दर घेऊन आकडे देतं. इथवर ठीक. पण ‘10 पोत्यांच्या आत तोलाई माफ’ हा दर की नियम? एक मित्र म्हणतो, सगळे नियम जेसनमध्ये (माहिती लिहायच्या साध्या मजकूर-फाइलीत) टाक. टाकायला गेलो तर त्यात ‘जर’, ‘नाहीतर’ येऊ लागले, म्हणजे पायथनच पुन्हा लिहिल्यासारखं. दुसरा म्हणतो, नुसत्या डेटाच्या क्लासला सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने 2003 सालीच ‘अ‍ॅनिमिक’ (रक्तहीन) म्हटलंय, हिशेब क्लासमध्येच घाल. कुणाचं ऐकू?

प्रतिसाद: 10 हा आकडा टेबलात, ‘जर’ कोडात. जेसनच्या नादाला लागू नका. एवढ्याशा हिशेबाला वेगळं फंक्शन पुरे, फाउलर रागावणार नाही. पण मूळ दुखणं वेगळंच दिसतंय. दिलेली पट्टी पुन्हा मोजायचीच कशाला? निघालेले आकडे त्याच दिवशी साठवा, प्रत मागितली की तेच छापा. आणि पैसे फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) नाहीत ना?

धागाकर्ता: फ्लोटच आहेत. आजच डेसिमल (अचूक दशांश) करतो. जुन्या पट्ट्यांचे आकडे मात्र वहीतूनच भरावे लागणार, आणि मामा वही घरी नेऊ देत नाहीत.